समोर घर

१

जबलपूरच्या विजय नगरातल्या डोंगऱ्यांचा मुलगा रजेवर आला की साऱ्या गल्लीला कळायचं. गल्लीच्या तोंडाशी रिक्शा वळली, की रतन तिथूनच मोठ्यानं म्हणायचा, ‘डावीकडे पाण्याची टाकी.’ व्हरांड्यात बसलेले त्याचे वडील अंबादासजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता उत्तर द्यायचे, ‘कन्फर्म.’ रिक्शा जरा पुढे आली की, ‘उजवीकडे कडुलिंब.’ ‘कन्फर्म.’ आणि मग फाटकाशी उभा राहून, दोन्ही हातांत सामान असताना, ‘समोर घर.’ वडिलांनी तिसऱ्यांदा ‘कन्फर्म’ म्हटल्याखेरीज हा तिशीला आलेला कॅप्टन फाटकाची कडी काढायचा नाही. शेजारचे भैयालालजी खाटेवरून हे बघत आणि आपल्या बायकोला सांगत, की बापही वेडा आणि बेटाही वेडा. यात त्यांचं तसं काही चुकत नव्हतं.

हा खेळ स्कूटरवर सुरू झाला होता. अंबादासजी हवाई दलात नॅव्हिगेटर होते. वैमानिक हेलिकॉप्टर उडवायचा आणि आपण नेमके कुठं आहोत हे त्याला यांनी सांगायचं. मांडीवर कागदी नकाशा, मनगटावर घड्याळ, खाली जमीन. त्यांची बरीचशी नोकरी उत्तरेच्या सरहद्दीवर गेली. तिथं दऱ्या एकीसारखी दुसरी, आणि सरहद्दीची रेघ फक्त नकाशावर. बर्फावर ती कुणी आखून ठेवलेली नसते. म्हणून त्यांचा एक क्रम ठरलेला होता आणि तो त्यांनी सात-आठ वर्षांच्या रतनला स्कूटरवर पुढं उभं करून शिकवला: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. किती वेळ उडालो ते बघ. आता काय दिसायला हवं ते नकाशाला विचार. त्यानंतरच खाली बघ. दिसलं तर मोठ्यानं सांग आणि दुसऱ्यानं ‘कन्फर्म’ म्हणेपर्यंत ते खरं मानू नकोस.

जो हा क्रम उलटा करतो, आधी खाली बघतो आणि दिसलं ते नकाशात शोधत बसतो, त्याला ते सापडतंच. मन मोठं लाघवी असतं. ज्याला घरी जायचं आहे त्याला कुठल्याही दरीत ते घरचा रस्ता दाखवतं. एकदा रेडिओवर अंबादासजींनी असा एक माणूस ऐकला होता. चुकीच्या दरीत उतरत होता आणि आवाज इतका खुशीत होता की ऐकणाऱ्यांनाही बरं वाटलं. चुकलेला माणूस घाबरलेला नसतो, खात्रीत असतो, हे त्यांनी तेव्हा जाणलं आणि पुढं मुलालाही पुन्हा पुन्हा सांगितलं.

मुलगा मोठा होऊन सैन्यात हेलिकॉप्टरचा वैमानिक झाला आणि त्याच सरहद्दीवर जाऊन चौक्यांना रसद पोचवू लागला. बापाला अभिमान वाटला आणि त्या दिवसापासून झोप उणावली. आई सत्यवतीबाईंनी सराफ्यात आपल्या पाटल्या मोडून होणाऱ्या सुनेसाठी हार घडवायला टाकला होता. लग्न वैशाखात करायचं चाललं होतं.

२

जानेवारीतली दुपार होती. अंबादासजी जेवून पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पडले होते. रिछाईच्या कारखान्यातली निवृत्तीनंतरची नोकरीही सोडल्यापासून ही खुर्ची हेच त्यांचं ऑफिस झालं होतं. मधली खोली रतनची, ती बंद असे. तिच्या मागं स्वयंपाकघर, आणि तिथं सत्यवतीबाई मटार सोलत बसल्या होत्या. शेंग तडकल्याचा बारीक आवाज, मग दाणे परातीत पडल्याचा. त्या आवाजावर त्यांचा डोळा लागत होता.

‘डावीकडे पाण्याची टाकी.’

‘कन्फर्म,’ ते म्हणाले.

शेंगांचा आवाज थांबला. ‘रतन आला का जी?’ सत्यवतीबाईंनी आतून विचारलं.

ते उठून व्हरांड्यात आले. गल्लीत ऊन पसरलं होतं. रिक्शा नव्हती, माणूस नव्हतं. भैयालालजी खाटेवर गुडघ्याला तेल चोळत होते.

‘भैयालालजी, किसी ने आवाज़ दी क्या?’

‘नहीं तो, डोंगरे साहब. आप ही की आवाज़ आई. कन्फर्म बोले आप.’

ते परत येऊन बसले. हिशेब सरळ होता. झोपेत स्वप्न पडलं, स्वप्नात तोंडातून शब्द गेला, बायकोनं तो शब्द ऐकला आणि मुलगा आला असं तिला वाटलं.

‘मी झोपेत बडबडलो,’ ते म्हणाले.

‘तुमचं नाही म्हणून राहिली मी. त्याचा ऐकला आवाज.’

‘माझं ऐकून तुला वाटलं तसं.’

शेंगा पुन्हा तडकू लागल्या, पण आता सावकाश. अंबादासजींना मात्र दुसरंच बोचत राहिलं. आपण न बघता ‘कन्फर्म’ म्हणालो. सबंध नोकरीत हे त्यांनी कधी केलं नव्हतं. घरात हा खेळ होता म्हणून सवय बिघडली, असं म्हणून त्यांनी स्वतःवर राग काढला आणि पेपर उघडला.

३

पेपरचं पान उलटताना आवाज पुन्हा आला. या वेळी जवळून, आणि ते टक्क जागे होते.

‘उजवीकडे कडुलिंब.’

रतनचाच आवाज. खेळाच्या वेळचा, हसू दाबून ठेवलेला. त्यामागं एक घरघर होती. स्वयंपाकघरातली जुना फ्रिज चालू झाला की अशी घरघर येई, म्हणून अंबादासजींनी आधी तिकडं कान दिला. फ्रिज बंद होता.

त्यांच्या अंगावर काटा आला तो आवाजामुळं नाही. विजेच्या तारांना लागतो म्हणून तो कडुलिंब दिवाळीनंतर कापला होता. रतनला हे ठाऊक नव्हतं, पावसाळ्यानंतर तो घरी आलाच नव्हता. जो कुणी बोलत होता तो गल्लीकडं बघून बोलत नव्हता. गल्ली त्याच्या डोक्यात होती आणि डोळ्यांपुढं दुसरंच काही होतं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण स्वयंपाकघरातून सत्यवतीबाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘कन्फर्म, कन्फर्म. ये बापा लवकर, हात धू.’ त्या आवाजात इतका आनंद होता की अंबादासजींना त्यांना रागावता आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

४

ट्रंक कॉल होता, उत्तरेतून. रतनच्या तुकडीतला एक मेजर बोलत होता. बोलताना तो दर वाक्यानंतर थांबत होता, आणि तसं का थांबतात हे अंबादासजींना माहीत होतं. असे फोन त्यांनी स्वतः केले होते.

रतन आणि त्याच्यासोबतचा वैमानिक सकाळी एका चौकीला रसद द्यायला गेले होते. दुपारी परतताना दरीत ढग उतरले. हेलिकॉप्टर तळावर पोचलं नाही. हवा साफ नसल्यामुळं शोधायला दुसरं पाठवता येत नाही, आणि ते ठिकाण सरहद्दीच्या रेषेच्या फार जवळ आहे.

‘आख़िरी बात कब हुई?’ अंबादासजींनी विचारलं.

‘सर, रेडियो पर अभी भी टूटा-फूटा कुछ आता है. बोल रहा है सब ठीक है. बोल रहा है घर दिख रहा है. हम समझे बेस को बोल रहा है, लेकिन बेस से तो कुछ दिखता नहीं आज.’ मेजर थांबला. ‘और सर, टेंशन बिलकुल नहीं है आवाज़ में. हँस रहा था.’

अंबादासजींनी फोन खाली ठेवला. सत्यवतीबाई दारात उभ्या होत्या, मुठीत दोन-चार शेंगा तशाच. हिंदी त्यांना मराठीइतकीच कळत होती आणि मेजरचा आवाज मोठा होता.

‘पेट्रोल किती असते त्यात?’ त्यांनी विचारलं.

‘थोडं,’ ते म्हणाले. ‘आता फार थोडं असेल.’

‘म्हणजे उतरावंच लागन त्याले.’

‘हो.’

बाहेर फाटकाची कडी वाजली नव्हती, व्हरांड्यात पाऊल वाजलं नव्हतं. पण त्याच वेळी मधल्या खोलीत रतनची लोखंडी कॉट करकरली.

५

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते कुणी उघडलं हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दाराला निळा पडदा होता आणि त्याच्या खालून थंडी येत होती. जबलपूरच्या जानेवारीची ती थंडी नव्हती. अंबादासजींच्या पायांना ती ओळखीची होती. पंचवीस वर्षांपूर्वी बुटांतून बोटांपर्यंत पोचायची तीच.

मेंदू अजून कामावर होता. कॉट लोखंडाची आहे, उन्हानं तापते, सायंकाळी करकरते. दार वाऱ्यानं उघडलं. पण सायंकाळ झाली नव्हती आणि वाराही नव्हता.

त्यांनी पडदा चार बोटं सरकवला.

कॉटवर कुणी पाठमोरं बसलं होतं. उडताना घालतात तो जाड कोट. एक खांदा दिसत होता, दुसरा अंधुक, त्या बाजूला खिडकीचा उजेड फार पांढरा होता. चेहरा दिसला नाही. हातमोज्यातलं एक बोट चादरीच्या नक्षीवरून हळूहळू सरकत होतं, मांडीवरच्या नकाशावर सरकतं तसं. ते उशीजवळ येऊन थांबलं.

‘समोर घर,’ रतन म्हणाला. मागची घरघर आता उतरणीला लागली होती. ‘बाबा, उतरून राहिलो मी. कन्फर्म?’

सत्यवतीबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. ‘म्हणा न.’

अंबादासजींच्या तोंडात शब्द आला होता. आयुष्यात कुठला शब्द म्हणावासा इतका वाटला नव्हता. एक शब्द, आणि पोरगं घरात. पण त्यांची नजर कॉटवर गेली. गादी दबलेली नव्हती. चादर सकाळी घातली तशीच ताठ होती आणि तिच्यावर त्याचं सगळं वजन बसलेलं होतं. इथं काहीच उतरलेलं नव्हतं. उतरायचं होतं ते दुसरीकडं, कुठल्या तरी पांढऱ्या उतारावर, रेषेच्या अलीकडं की पलीकडं देव जाणे, आणि तो उतार रतनला आपल्या दारासारखा दिसत होता. दोनदा या घरानंच त्याला ‘कन्फर्म’ दिलं होतं. एकदा त्यांनी स्वतः, न बघता.

‘तो इथं नाही, सत्या,’ ते म्हणाले. ‘चुकला आहे तो. मी हो म्हटलं तर तो तिथं उतरेल.’

‘बसला आहे न समोर. तुम्हाले दिसून नाही राहिला का?’

‘गादी बघ.’

त्यांनी बघितलं. मनगटावरची पकड आणखी आवळली. ‘असू द्या,’ त्या अगदी हळू म्हणाल्या. ‘तसा तर तसा. घरी तर येईन तो.’

अंबादासजींना त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनाही तेच वाटत होतं. त्यांनी पडद्यातून तोंड आत घातलं आणि नोकरीतला आवाज काढला.

‘नाही. चूक. हे घर नाही.’

बोट थबकलं. ‘काय बाबा, दिसून राहिलं मला. व्हरांडा दिसतो.’ आवाजात अजून हसू होतं. ‘आई आहे दारात.’

‘शेवटची पक्की खूण कुठली होती? आठव. तिथं परत जा.’

‘आईनं हात धुवायला सांगितलं.’

सत्यवतीबाईंनी तोंडात पदर कोंबला. अंबादासजींना कळलं की नुसतं ‘नाही’ पुरणार नाही. खात्रीतल्या माणसाला तेवढ्यानं हलवता येत नाही. त्याची खात्रीच उपटून काढावी लागते, मुळासकट.

‘ती तुझी आई नाही,’ ते म्हणाले. ‘हे तुझं घर नाही आणि मी तुझा बाप नाही. नीट ऐक. या घरात तुझं कुणी नाही. मागे फिर.’

मग पाठमोरं डोकं वळू लागलं. गालाची कड दिसली, बर्फ लागून पांढरी पडलेली, आणि वाळत चाललेलं हसू. डोळे दिसायच्या आत अंबादासजींनी पडदा सोडला. ते डोळे आपल्याला बघता येणार नाहीत हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

‘रॉजर,’ आतून आवाज आला. लहान पोराला रागावल्यावर येतो तसा.

घरघर चढली, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. पडद्याखालची थंडी सरली. खोलीत कॉट होती आणि चादर होती.

६

दिवेलागणीला मेजरचा पुन्हा फोन आला. या वेळी तो थांबत नव्हता, शब्दांवर शब्द पडत होते. पोरं सापडली होती. हेलिकॉप्टर आपल्याच बाजूच्या एका चौकीजवळ उतरलं होतं, नाल्याच्या वळणावर, ढगांत शिरण्याआधी त्यांनी रेडिओवर पक्की म्हणून सांगितलेल्या शेवटच्या खुणेपाशी. टाकीत थेंबभर इंधन. सोबतचा वैमानिक सांगत होता की साहेब भलत्याच दरीत उतरत होते, अगदी जमिनीशी आले आणि एकदम कुणी कानाखाली मारल्यासारखे मागे फिरले.

अंबादासजी रडले. भैयालालजींकडं जाऊन त्यांनी ही बातमी सांगितली आणि तिथंही रडले. परत आले तेव्हा सत्यवतीबाई मधल्या खोलीत कॉटच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

‘वाचला, सत्या.’

‘वाचला,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही जे म्हटलं ते ऐकलं असन न त्यानं.’

‘त्यावाचून फिरला नसता तो.’

‘ते समजते मला. मी काहून भांडू तुमच्याशी?’ त्यांनी चादरीवरून हात फिरवला. ‘ऐकलं असन, एवढंच म्हणून राहिली.’

आठवड्याभरात रतनचा फोन आला. लाइन खराब होती. तो बरा होता, हसत होता. गालाला थोडं बर्फ चावलं, बाकी काही नाही. त्या दिवसाचं फारसं आठवत नाही म्हणाला. फाल्गुनात रजा मंजूर झाली होती.

‘येतो मग,’ तो म्हणाला. ‘बाबा, तुम्ही आजकल कुठं राहता?’

‘कुठं म्हणजे? विजय नगरला.’

‘अच्छा. विजय नगरात कुठं?’

लाइन तुटली. अंबादासजींनी बायकोला सांगितलं की खरखरीत नीट ऐकू आलं नाही. स्वतःलाही त्यांनी तेच सांगितलं आणि पुढचा महिना त्यावर काढला.

७

फाल्गुनातल्या त्या सकाळी सत्यवतीबाईंनी घर धुऊन काढलं. रतनला ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी दाराशी ठेवलं. अंबादासजी व्हरांड्यात बसले, पण पेपर त्यांनी उघडला नाही. डोळे गल्लीच्या तोंडाशी लावून ठेवले होते.

रिक्शा वळली. रतनच होता. वाळला होता, गालावर काळपट डाग होता, पण अंगाखांद्यानं, बसण्याच्या ढबीनं रतनच. टाकी मागं पडली, तो काही बोलला नाही. कडुलिंबाची जागा मागं पडली. तो दोन्ही बाजूंची घरं एकेक करून बघत होता, लक्षपूर्वक, नव्या मुलुखात आलेला माणूस बघतो तसा.

डोंगऱ्यांच्या फाटकासमोर त्यानं रिक्शा थांबवली. अंबादासजी उठून फाटकाशी गेले. मध्ये फक्त लोखंडी पट्ट्या होत्या. रतननं त्यांच्याकडं बघितलं आणि अदबीनं मान लववली.

‘नमस्ते जी. डोंगरे साहब का मकान किधर पड़ेगा?’

‘रतन,’ अंबादासजी म्हणाले.

‘जी, रतन मैं हूँ. आपको मालूम है? उन्होंने बताया होगा.’ तो हसला. चांगलं, सभ्य हसू, परक्या माणसासाठी ठेवलेलं.

‘अरे, हेच घर. मी आहे, बाबा. बघ तरी माझ्याकडं.’ त्यांनी कडी काढली, फाटक उघडलं, त्याचा हात धरला. हात ऊबदार होता. तो खरोखर आला होता, यात काही शंका नव्हती.

रतननं हात हळूच सोडवून घेतला, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. आवाज ऐकून सत्यवतीबाई भाकरीचा तुकडा हातात घेऊन धावत बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या. त्यानं त्यांनाही नमस्कार केला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. तो व्हरांड्याकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

‘बिलकुल वैसा ही है, माताजी,’ तो म्हणाला. ‘कोई भी धोखा खा जाए. मैं भी एक बार खा चुका हूँ.’

‘रतन, माझ्या लेकरा,’ सत्यवतीबाई म्हणाल्या, ‘हेच तर घर आहे तुझं.’

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. लहानपणापासून ज्याच्या शब्दावर तो डोळे मिटून उडाला होता, त्याच माणसाच्या शब्दावर तो आताही उभा होता.

‘नहीं, माताजी. मेरे बाबा ने खुद बताया है कि ये नहीं है. और वो कभी ग़लत नहीं बताते.’

तो रिक्शात बसला. रिक्शावाल्यानं पायडल मारलं. पुढच्या फाटकापाशी रिक्शा थांबली, त्यानं खाली उतरून काही विचारलं, भैयालालजींनी गोंधळून मागं या घराकडं बोट दाखवलं. रतननं वळून बघितलं, त्यांचे आभार मानले आणि पुढच्या घराकडं गेला.